एकेक वाडा पडतो आहे. संपूर्ण आळीचा विचार कोण करणार?

दिंडी_दरवाजा

आमच्या आळीतला आणखी एक वाडा गेल्या महिन्यात उतरवला. पुण्यातल्या कसबा पेठेच्या आतल्या अंगाला असलेल्या या आळीत एकूण अकरा मिळकती आहेत. त्यांपैकी चार जागी आता इमारती उभ्या आहेत, दोन जागी पत्रे ठोकलेली मोकळी जमीन आहे आणि पाच वाडे टेकू लावून उभे आहेत. सागवानी खांब, तुळया आणि जोत्याचे घडीव दगड ट्रकमध्ये भरताना पाहिले, तेव्हा वाईट वाटलेच. परंतु हा धागा मी त्या हळहळीसाठी काढलेला नाही. वाडा पडू नये, असे माझे म्हणणे नाही. पांढऱ्या मातीच्या भिंती पावसाळ्यामागून पावसाळा भिजत राहिल्या, की एक दिवस त्या बसतात, हे आम्ही घरातच अनुभवले आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. महापालिकेकडे बांधकामाचा प्रस्ताव जातो, तो एका सिटी सर्व्हे नंबरचा. त्या भूखंडापुरते चटई क्षेत्र (म्हणजे किती बांधता येईल, ते), सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), वाहनतळ आणि जिना तपासले जातात आणि परवानगी मिळते. पलीकडच्या भूखंडाचा प्रस्ताव तीन वर्षांनी जातो आणि त्याचीही तशीच तपासणी होते. मात्र अकरा भूखंडांवर मिळून किती कुटुंबे राहायला येतील, चार मीटर रुंदीच्या आळीतून त्यांची वाहने कशी जातील, माझ्या आजोबांच्या काळातली मलवाहिनी त्यांना पुरेल का आणि अग्निशमन दलाचा बंब कोठपर्यंत पोहोचेल, हे प्रश्न कोणत्याही एका फाइलमध्ये येत नाहीत. प्रत्येक इमारत नियमांत बसते आणि आळी मात्र राहण्याजोगी उरत नाही. महापालिकेने पेठांमध्ये आळीनिहाय आराखडा करावा आणि शेजारच्या मिळकती एकत्र येण्याला परवानगीच्या पातळीवरच प्राधान्य द्यावे, असे माझे मत आहे. पेठांत राहणाऱ्या, राहिलेल्या आणि येथील कामाची माहिती असलेल्या सर्वांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

नकाशा

वीस वर्षांहून अधिक काळ मी पेठांमधील बांधकामांचे नकाशे करतो आहे, म्हणून तांत्रिक बाजू आधी मांडतो. डिसेंबर 2020 पासून मुंबई महापालिका आणि काही मोजकी प्राधिकरणे वगळता राज्यभर एकच एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. नियम एकसारखे असावेत, हा हेतू योग्यच होता. तथापि, कोथरूड किंवा बाणेरचा चौकोनी भूखंड आणि कसब्यातला भूखंड यांची जातकुळी वेगळी आहे. येथे पुढची बाजू पाच-सहा मीटर आणि खोली पंचवीस-तीस मीटर, असे चिंचोळे पट्टे असतात. वाडा अशा पट्ट्यावर बसू शकला, कारण त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असत आणि उजेड-वारा मधल्या चौकातून मिळत असे. नवी इमारत थोडी उंच झाली, की बाजूला अंतर सोडावे लागते. पाच मीटरमधून दोन्ही बाजूंना एकेक मीटर गेला, तर उरलेल्या तीन मीटरमध्ये जिना, उद्वाहक (लिफ्ट) आणि खोल्या कशा बसवायच्या? अंतर सोडलेच नाही, तर मधल्या खोल्यांत दिवसा दिवा लावावा लागतो. दोन्ही पर्याय वाईट आहेत.

तेच तीन शेजारी एकत्र आले, तर सोडायच्या अंतरांची संख्या घटते, एका जिन्यावर आणि एका उद्वाहकावर काम भागते आणि मध्यभागी खरा चौक ठेवता येतो. हे मी कागदावर अनेकदा करून दाखवले आहे. प्रत्यक्षात मात्र दोनदाच झाले.

रस्तारुंदीचेही तसेच आहे. आखलेल्या रेषेपर्यंतची जागा मालकाने बांधकामाच्या वेळी सोडायची आणि तिच्या बदल्यात चटई क्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यायचा, अशी पद्धत आहे. परिणामी रस्ता सलग रुंद न होता एक इमारत आत, पुढचा वाडा बाहेर, त्यापुढची इमारत पुन्हा आत, असा दातेरी होतो. त्या खाचांमध्ये दुचाक्या, कचऱ्याचे डबे आणि विजेच्या पेट्या येऊन बसतात. चालणाऱ्या माणसाला त्या रुंदीचा काहीच उपयोग होत नाही.

ओसरी

या चर्चेत भाडेकरूंचा उल्लेख अद्याप आलेला नाही, म्हणून लिहिते. आम्ही तीन पिढ्या एका वाड्याच्या मागच्या सोप्यात राहतो. वडील त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. दर वर्षी मे महिन्याच्या सुमारास दारावर धोकादायक बांधकामाची नोटीस चिकटवली जाते आणि त्यानंतर आमच्या घरात कोणाला नीट झोप लागत नाही. राहावे, तर भिंत अंगावर येण्याची भीती आणि बाहेर पडावे, तर परत पाय ठेवता येईल का, ही भीती. मालकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. आमच्याकडून त्यांना मिळणारे भाडे इतके थोडे आहे, की त्यात एका कौलाची दुरुस्तीही होणार नाही, हे मलाही समजते.

वाडे रिकामे होत नाहीत, यामागे भाडेकरूंचा हट्ट आहे, असे सर्रास बोलले जाते. मालकाशी झालेला करार, नव्या इमारतीतल्या जागेचे क्षेत्रफळ आणि मधल्या काळातल्या भाड्याची सोय हे तिन्ही लेखी आणि नोंदणीकृत मिळाले, तर माझे वडील उद्या बाहेर पडतील. आमच्या शेजारच्या वाड्यातील दोन कुटुंबे केवळ तोंडी शब्दावर बाहेर पडली. त्या जागेवर आज सात वर्षांनीही पत्रेच आहेत.

नकाशा

ओसरीताई, आपली भीती अगदी रास्त आहे; पण कायद्याचा आधार वाटतो तितका तोकडा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 यातील कलम 14 नुसार जागा चांगल्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे आणि त्याने ती पार पाडली नाही, तर नोटीस देऊन भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करता येते व खर्चाचा काही भाग भाड्यातून वळता करता येतो. भाडे शंभर रुपये असताना या तरतुदीचा व्यवहारात उपयोग होत नाही, हे मान्य आहे. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की महापालिकेने इमारत पाडली म्हणून त्या जमिनीवरचा भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2014 मध्ये स्पष्ट केले आहे. तो वाद राज्यातल्याच सांगली-मिरज भागातला होता. शिवाय नव्या नियमावलीत भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी प्रोत्साहनपर चटई क्षेत्र आहे आणि भाडेकरूला किमान 27.87 चौरस मीटर, म्हणजे तीनशे चौरस फूट, घराच्या आतले वापराचे क्षेत्रफळ देण्याचे बंधन आहे.

घर सोडण्यापूर्वी आपल्या ताब्यातील प्रत्येक खोलीचे मोजमाप करून घ्या आणि तो नकाशा मालक, भाडेकरू व साक्षीदार यांच्या सह्यांनिशी ठेवा. भाडेपावत्या, वीजबिले आणि शिधापत्रिकेच्या प्रती त्याला जोडा. वाडा पडल्यावर भिंती साक्ष द्यायला उरत नाहीत.

शनिवारकर

आमची अडचण आणखी वेगळी आहे. शनिवारवाडा हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे आणि प्राचीन स्मारकांच्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, तर त्यापुढील 200 मीटरपर्यंत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीची अट आहे. त्या शंभर मीटरांत आमच्यासारखी असंख्य कुटुंबे राहतात. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते. पण ज्या वाड्याचे खांबच वाळवीने पोखरले आहेत, त्याची दुरुस्ती म्हणजे जवळजवळ नवे बांधकामच असते. कायद्यात बदल करण्याचे विधेयक 2018 च्या आरंभी लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले होते. परंतु त्यातही सवलत होती ती केंद्राच्या सार्वजनिक कामांना, आमच्यासारख्या रहिवाशांना नव्हे.

शनिवारवाड्याचा अभिमान आम्हालाही आहे. माझे बालपण त्याच्या बुरुजांच्या सावलीत गेले. 1828 च्या आगीत आतला वाडा जळाला आणि आज उरली आहे ती तटबंदी, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंजी. त्या जोत्यांचे रक्षण व्हायलाच हवे. पण त्यासाठी बाहेरच्या माणसांनी मोडकळीला आलेल्या घरात किती वर्षे राहायचे, याचेही उत्तर कोणीतरी द्यायला हवे. स्मारकाभोवती सरसकट वर्तुळ काढण्याऐवजी उंचीची मर्यादा घालून दोन मजली बांधकामाला मुभा दिली, तर स्मारकाला कोणता धोका पोहोचतो, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. आमच्या भागात शेजारी एकत्र आले, तरी या अटीमुळे काही साध्य होणार नाही, हे आळीनिहाय आराखड्याचा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

नवे_छप्पर

मी या धाग्याच्या मूळ मांडणीशी असहमत आहे आणि ते स्पष्टपणे लिहितो. वाड्याच्या आठवणी लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण आता पेठेत राहत नाहीत. सहा कुटुंबांत दोन शौचालये, माडीवर जाणारा काळोखा उभा जिना, पावसाळ्यात छताखाली मांडलेली भांडी, यांत माझ्या आईने चाळीस वर्षे काढली. गुडघे निकामी झाल्यावर शेवटची तीन वर्षे ती माडीवरून खाली उतरू शकली नाही. आमचा वाडा पाडून इमारत झाली, तेव्हा उद्वाहकाने खाली येऊन ती स्वतः कसबा गणपतीच्या दर्शनाला गेली. त्या इमारतीच्या दर्शनी भागाला सौंदर्य नाही, हे मला ठाऊक आहे. मला त्याचे दुःख नाही.

सर्वांनी एकत्र यावे, हे ऐकायला चांगले वाटते. भेंडी बाजारचा समूह पुनर्विकास पाहा. साडेसोळा एकर जागा, सुमारे अडीचशे इमारती, एकाच समाजाचा न्यास पाठीशी आणि पैशाची ताकद, असे सर्व अनुकूल असूनही 2009 मध्ये हाती घेतलेल्या त्या कामात पहिल्या टप्प्याची घरे मिळेपर्यंत दशक उलटले. आमच्या आळीत तर दोन भावांचे जिन्यावरून वीस वर्षे बोलणे नाही. अकरा मिळकतींचे एकमत होईपर्यंत जो तयार आहे, त्याला थांबवून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. थांबण्याची किंमत घरातली म्हातारी माणसे मोजतात.

दिंडी_दरवाजा

आपल्या आईंबद्दल वाचून मन भरून आले. त्यांचा अनुभव बाजूला ठेवून आळीचा विचार करता येणार नाही, हे मी मान्य करतो. माझ्या पहिल्या लिखाणात एक त्रुटी राहिली. अकराच्या अकरा मिळकती एकत्र याव्यात, असा अर्थ त्यातून निघत होता आणि तो अव्यवहार्य आहे. दोन, तीन किंवा चार शेजाऱ्यांचे गट मला अपेक्षित आहेत. आणि जो एकटाच तयार आहे, त्याला अडवू नये. मात्र त्याच्या नकाशात जिना, चौक आणि पाण्याच्या टाकीची जागा अशी ठेवून घ्यावी, की शेजारी पाच वर्षांनी आला, तर त्याला जोडून घेता येईल. पूर्वी वाड्यांना सामाईक भिंती होत्या आणि त्या निभावल्या गेल्या. सामाईक चौक आपल्याला जमणार नाही, असे का मानायचे?

भेंडी बाजारचे उदाहरण आपण दिलेत. पुण्याजवळचे एक उदाहरण मला त्याहून बोधक वाटते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांमधले शेकडो वाडे कोसळले. त्या वेळी पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, कारण निर्णय घराघराने न घेता शहराने घेतला. त्यात उणिवाही होत्या. ज्यांचा धंदा पेठेत होता, ते लांब गेले आणि अनेकांची रोजी तुटली. तरीही रस्ते, पाणी आणि घरे यांचा विचार एकाच वेळी झाला. आज पेठ हळूहळू कोसळत असल्यामुळे तशी निकड कोणाला जाणवत नाही, एवढाच फरक आहे.

तांब्याचा_ठोका

रोजी तुटण्याचा विषय निघाला, म्हणून आमच्याविषयी लिहितो. पेशव्यांच्या काळापासून तांबट आळीत तांब्याची भांडी घडतात. मठारकाम करताना तांब्याच्या पत्र्यावर एकामागून एक ठोका बसतो, तेव्हा आवाज होतो. भट्टी लागते, ती जमिनीलगतच लागते. भांडे चौथ्या मजल्यावर घडवता येत नाही. नव्या इमारतीत तळमजल्यावर वाहने उभी राहतात आणि उरलेल्या जागेत रस्त्याकडेला दुकानाचा गाळा निघतो, ज्याची किंमत कारागिराच्या आवाक्याबाहेर असते. गाळा मिळालाच, तरी वर राहायला आलेली नवी कुटुंबे आवाजाची तक्रार करतात. त्यांचेही चुकत नाही. त्यांना घर घेताना कोणी सांगितलेले नसते, की ही आळी ठोक्यांची आहे.

शेजारच्या बुरूड आळीत बांबूचे काम करणाऱ्यांना लांब बांबू ठेवायला आणि सोलायला मोकळी जागा लागते. हे सगळे धंदे ओसरीवर, ओट्यावर आणि आळीत पाय पसरून चालले. नकाशा काढताना माझ्या कारखान्याची नोंद ‘वाणिज्य वापर’ अशी होते आणि मला गाळा दिला, की हिशेब पुरा झाला, असे धरले जाते. आळीनिहाय आराखडा होणार असेल, तर त्यात तळमजल्यावरची कामाची जागा कारागिरांसाठी राखून ठेवलेली असावी आणि ती त्याच व्यवसायाला मिळावी, एवढी माझी मागणी आहे. परदेशी पाहुण्यांना आमची आळी दाखवायला पुष्कळ जण आणतात. त्यांना दाखवायला आळी उरावी, असे वाटत असेल, तर आता बोलावे लागेल.

दूरदेशी

मी गेली बावीस वर्षे न्यू जर्सीत आहे आणि सदाशिव पेठेतील एका वाड्यात माझा सोळावा हिस्सा आहे. आमच्या मिळकत पत्रिकेवर (मालकीच्या सरकारी नोंदीवर) तेवीस नावे आहेत, त्यांपैकी नऊ व्यक्ती हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. मी सही करायला तयार आहे. पण सही कोणत्या कागदावर आणि कोणाबरोबर करायची, हे सांगणारे कोणी नाही. वाडे अडकण्याचे हे कारण नियमावलीइतकेच मोठे असावे. क्षेत्रीय कार्यालय आणि नगर भूमापन कार्यालय यांनी मिळून पेठांमध्ये वारसनोंदीची शिबिरे घेतली, तर आमच्यासारखे अनेक जण सुटीत आल्यावर तेवढे काम नक्की करून जातील.

नकाशा

दूरदेशी यांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. माझ्याकडे आलेल्या प्रस्तावांत नकाशाला जितका वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ वारसांची जुळवाजुळव करण्यात जातो.

आता हे सर्व कोणापुढे मांडायचे, याविषयी थोडे. जुन्या हद्दीचा प्रारूप विकास आराखडा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हरकती-सूचनांचा आकडा 87 हजारांच्या घरात गेला होता. पुढे 2015 मध्ये राज्य सरकारने तो आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. त्या सुनावण्यांना मी अनेक रहिवाशांबरोबर गेलो होतो. बहुतेक हरकती स्वतःच्या घरावरील आरक्षणाविषयी किंवा रस्तारुंदीच्या रेषेविषयी होत्या आणि ते स्वाभाविकही होते. संपूर्ण आळीच्या वतीने, नकाशासह आलेली हरकत मला फारच क्वचित दिसली. ज्या हरकतीला नकाशा जोडलेला होता, तिच्यावर समितीने थांबून प्रश्न विचारले, हे मात्र आठवते.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 मधील निवडणुकीपर्यंत जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या सहीने कारभार चालला. त्या काळात शहर सुधारणा समिती आणि मुख्य सभा यांमधली चर्चाच बंद होती. आता प्रभागाला नगरसेवक आहेत. आराखड्याच्या नावातच 2007 ते 2027 असा काळ आहे, त्यामुळे पुढच्या आराखड्याची वाट पाहण्यापेक्षा आताच मागणी नोंदवणे योग्य ठरेल. मंजूर आराखड्यात मर्यादित फेरबदल करायचा असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, 1966 यातील कलम 37 नुसार महापालिका तसा प्रस्ताव करू शकते, त्यावर हरकती मागवाव्या लागतात आणि अंतिम मंजुरी राज्य सरकार देते. हा मार्ग लांबचा असला, तरी बंद नाही.

नवे_छप्पर

लहान गटांची आणि पुढे जोडून घेण्याची कल्पना मला पटते. एकट्याला अडवणार नसाल, तर माझा विरोध राहत नाही. मात्र एक अट लिहून घ्यावी. जो गट एकत्र येईल, त्याच्या प्रस्तावाचा निर्णय ठरावीक मुदतीत व्हावा. अन्यथा एकत्र येणाऱ्यांची फाइल टेबलावर पडून राहील आणि एकटा बांधणारा पुढे निघून जाईल. तसे झाले, तर पुन्हा कोणी शेजाऱ्याकडे जाणार नाही.

ओसरी

वडिलांना काल हा धागा वाचून दाखवला. त्यांनी एवढेच विचारले, की या आराखड्यात भाडेकरूचे घर वेगळ्या रंगात दाखवणार का. मला उत्तर देता आले नाही.

दिंडी_दरवाजा

दाखवायचे, असे ठरवू. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या चौकात आम्ही सातजण जमणार आहोत. टेप, आळीचा भूमापन नकाशा आणि रंगीत पेन्सिली आणल्या आहेत. मालक राहतात ती घरे तांबड्या रंगाने, भाडेकरूंची हिरव्या, कारागिरांच्या जागा निळ्या आणि रिकामी जमीन कोरी ठेवायची आहे. आळीची रुंदी दर पाच मीटरवर मोजून लिहायची आहे, कारण सरकारी नकाशातली रुंदी आणि ओटे, पायऱ्या व वाहने वजा जाता उरणारी रुंदी यांत किती फरक आहे, हे आम्हालाच अद्याप माहीत नाही. मलवाहिनीची झाकणे आणि जुने आडही नकाशावर घ्यायचे आहेत. नकाशा करणाऱ्या सदस्यांनी येऊन पाहणी करण्याचे मान्य केले आहे. ओसरीताई, जमल्यास वडिलांना घेऊन या. बंद असलेल्या दोन वाड्यांत पूर्वी कोण कोठे राहत होते, हे आता आळीत त्यांच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही.